शिडाच्या बोटीवरचा कम्प्युटर: आधी बॅटरी बघा, मग मशीन घ्या

बोटीवर कम्प्युटर हवा असं ठरलं की बहुतेक जण आधी लॅपटॉप पसंत करतात आणि त्याला वीज कशी द्यायची ते नंतर बघू म्हणतात. माझा आग्रह उलटा आहे. आधी बॅटरीकडे बघा, तिच्यातून रोज किती काढता येईल ते ठरवा आणि त्या हिशेबात बसेल तेवढंच मशीन घ्या. घरात भिंतीतल्या प्लगमागे किती वीज आहे याचा विचार कोणी करत नाही, तशी गरजही पडत नाही. शिडावर चाललेल्या बोटीचं इंजिन मात्र बंद असतं. तेव्हा जी वीज खर्च होते ती आधी साठवलेली असते, नाहीतर त्या दिवशी सोलर पॅनेलमधून आलेली असते. रात्रीचे दिवे, जहाजांशी बोलायचा व्हीएचएफ रेडिओ, तळाशी साचलेलं पाणी उपसणारा बिल्ज पंप, ऑटोपायलट सगळं त्याच साठ्यावर चालतं. कम्प्युटरने त्यातला मोठा वाटा खाल्ला तर यातल्या कशाला तरी कमी पडणारच.

खालचे सगळे आकडे १२ व्होल्टच्या बोटीसाठी आहेत. २४ व्होल्टची बोट असेल तर करंट निम्मा धरा, बाकी रीत तीच.

पायरी १: काम वेगळं करा

बोटीवर कम्प्युटर तीन प्रकारची कामं करतो. पहिलं म्हणजे दिशादर्शन: चार्ट दाखवणं, आपली जागा दाखवणं, एआयएसवरून (जहाजं रेडिओने आपली जागा कळवतात ती यंत्रणा) आजूबाजूची जहाजं दाखवणं. दुसरं, पार्श्वभूमीला चालणारं काम: वारा, खोली, वेग, बॅटरीचं व्होल्टेज यांच्या नोंदी ठेवणं आणि त्या वायफायवरून फोन-टॅब्लेटला पुरवणं. तिसरं, तुमचं स्वतःचं काम: लिखाण, फोटो, हवामानाच्या फाइली बघणं, ऑफिसच्या मीटिंगा.

नवीन माणूस ही तिन्ही कामं एकाच दणकट लॅपटॉपवर टाकतो आणि मग तो लॅपटॉप दिवसरात्र चालू ठेवावा लागतो. असं करू नका. जे सतत चालू राहायला हवं ते लहान, कमी खाणाऱ्या मशीनवर ठेवा. मोठं मशीन काम असेल तेव्हा उघडा आणि काम झालं की पूर्ण बंद करा. एवढी एक विभागणी केली तरी पुढचा निम्मा प्रश्न सुटतो.

पायरी २: वॅट मोजा

चार्जरवर ६५ वॅट छापलेलं असतं, पण लॅपटॉप सतत ६५ वॅट खात नाही. तो चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो याचा तो आकडा आहे. खरा खर्च मोजायचा तर बोटीवर नेण्याआधी घरीच मोजा. यूएसबी-सी केबलच्या मध्ये लावायचा छोटा मीटर मिळतो, किंवा भिंतीच्या प्लगमध्ये बसणारा वॅट-मीटर वापरा. लॅपटॉपची बॅटरी आधी पूर्ण भरू द्या, नाहीतर चार्जिंगचा खर्चही त्यात मिसळतो. मग रोजचं काम करत तासभर आकडा बघा. साध्या लॅपटॉपवर लिखाण आणि चार्ट चालू असताना १० ते २५ वॅटच्या आसपास आकडा दिसतो. व्हिडिओ कॉल सुरू केला की तो लगेच वर जातो. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून एकदा नक्की बघा, कारण बोटीवर दिवसा तो तसाच ठेवावा लागणार आहे.

आता एक हिशेब मांडून दाखवतो. लॅपटॉप २५ वॅट, ६ तास: १५० वॅट-तास. सर्व्हर, म्हणजे पार्श्वभूमीचं काम करणारं लहान मशीन, ५ वॅट, २४ तास: १२० वॅट-तास. वेगळा मॉनिटर २० वॅट, ४ तास: ८० वॅट-तास. बेरीज ३५० वॅट-तास. व्होल्टेज बदलण्यात दहा टक्के जातात असं धरलं तर जवळपास ३९० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ३२ अँपिअर-तास.

यातला पाच वॅटचा आकडा पुन्हा बघा. एवढंसं मशीन, पण चोवीस तास चालल्यामुळे ते दिवसभरात लॅपटॉपच्या जवळपास पोहोचतं. बोटीवर वीज संपते ती अशा बारीक, कायम चालू राहणाऱ्या गोष्टींमुळे.

३२ अँपिअर-तास म्हणजे किती, हे बॅटरीच्या प्रकारावर ठरतं. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणून २०० अँपिअर-तासांच्या बॅटऱ्यांमधून १००च आपले समजा. म्हणजे एकटा कम्प्युटर त्यातला तिसरा हिस्सा घेतो. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, पण तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे व्होल्टमीटरवरून किती उरली ते कळत नाही. तिच्यासाठी शंट (येणारा-जाणारा करंट मोजणारा भाग) असलेला बॅटरी मॉनिटर हवाच. लेड-ॲसिडमध्ये निदान अंदाज येतो: काही तास काहीही जोडलेलं नसताना १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२च्या आसपास म्हणजे निम्मी.

भरपाईची बाजूही बघा. १०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ३०० ते ४०० वॅट-तास देतं. बूमची (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याची) किंवा एखाद्या दोराची सावली पॅनेलवर पडली तरी ते बरंच खाली येतं, आणि शिडाच्या बोटीवर सावली कुठे ना कुठे पडतेच. म्हणजे वरच्या हिशेबातल्या कम्प्युटरसाठी एक अख्खं पॅनेल राखून ठेवावं लागेल. हे तुमच्या बोटीवर शक्य नसेल तर पॅनेल वाढवायच्या आधी तास कमी करा.

पायरी ३: मशीन निवडा

लॅपटॉपचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्याची स्वतःची बॅटरी. इंजिन सुरू करताना स्टार्टर मोटर प्रचंड करंट ओढते आणि क्षणभर व्होल्टेज १०च्याही खाली जाऊ शकतं. लॅपटॉपला त्याचा पत्ताही लागत नाही. घेताना तीन गोष्टी बघा: यूएसबी-सीमधून चार्ज होतो का, आत एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) आहे का आणि पडदा चकचकीत नाही ना. फिरती हार्ड डिस्क हादऱ्यांच्या बोटीवर नकोच. गेमिंगचा लॅपटॉप घेऊ नका, तो रिकामा बसूनही जास्त खातो आणि त्याचे पंखे खारी हवा सतत आत ओढत राहतात. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि तो ओलावा मदरबोर्डवर बसला की हळूहळू गंज चढतो. पंखा नसलेलं मशीन मिळालं तर उत्तम.

मिनी-पीसी कायमचा बसवायला सोयीचा असतो. इंटेलच्या एन१०० सारख्या ६ वॅट रेटिंगच्या प्रोसेसरवर चार्ट आणि हवामान आरामात चालतं, संपूर्ण मशीनचा खर्च मात्र त्याहून जास्त धरा. इथे एक सापळा आहे आणि त्यात बरेच जण अडकतात. मशीनवर ‘डीसी १२ व्होल्ट’ लिहिलेलं असतं, बोटही १२ व्होल्टची, म्हणून सरळ जोडून टाकतात. पण बोटीचे १२ व्होल्ट हे नुसतं नाव आहे. चार्जिंग चालू असताना तिथे १४.४ व्होल्ट असतात, बॅटरी उतरली की ११.५. मिनी-पीसीला मात्र त्याच्या ॲडॉप्टरमधून नेमके १२ मिळायची सवय असते. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा, कमी झालं तर वाढवणारा आणि जास्त झालं तर घटवणारा कन्व्हर्टर बसवा. उत्पादकाने मशीनची इनपुट मर्यादा ९ ते ३६ व्होल्ट अशी लेखी दिली असेल तरच थेट जोडा.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा, एकाच बोर्डाचा कम्प्युटर नोंदी ठेवायला आणि डेटा वाटायला फार छान. त्याचा जीव ५ व्होल्टवर असतो आणि तो त्याबाबत नाजूक आहे: व्होल्टेज साधारण ४.६३च्या खाली गेलं की कमी व्होल्टेजची खूण दाखवतो. पाय ४ला ३ अँपिअरचा आणि पाय ५ला ५ अँपिअरचा पुरवठा सुचवलेला आहे, त्यामुळे फोनच्या साध्या चार्जरवर तो चालवू नका. दुसरं दुखणं एसडी कार्डाचं. वीज अचानक गेली की कार्डावरची फाइल-व्यवस्था बिघडू शकते आणि मग पाय सुरूच होत नाही. एसएसडीवरून बूट करा, आणि तयार केलेल्या सिस्टिमची एक प्रत वेगळ्या कार्डावर काढून कोरड्या डब्यात ठेवा.

टॅब्लेट सुकाणूजवळ बरा पडतो, पण उन्हात तापून बंद पडतो आणि ओल्या पडद्यावर हाताचं बोट भलतीकडेच उमटतं. सिम नसलेल्या काही टॅब्लेटमध्ये जीपीएस नसतो, ते विकत घेतानाच विचारून घ्या.

पायरी ४: वीज पोहोचवा

सोपा वाटणारा मार्ग म्हणजे इन्व्हर्टर बसवून घरचा चार्जर त्यात खुपसणं. पण बघा काय होतं: इन्व्हर्टर बॅटरीचे १२ व्होल्ट एसीमध्ये चढवतो, आणि चार्जर तेच पुन्हा २० व्होल्ट डीसीपर्यंत उतरवतो. दोन्ही ठिकाणी वीज उष्णतेत जाते. दोन्ही मिळून चौथा हिस्सा गेला तर नवल नाही. शिवाय काहीही जोडलेलं नसताना इन्व्हर्टर स्वतः काही वॅट खातो. १० वॅट धरले तर चोवीस तासांत २४० वॅट-तास, म्हणजे वरच्या हिशेबातला लॅपटॉप आणि सर्व्हर जवळपास एकत्र. इन्व्हर्टर ड्रिल किंवा मिक्सरसाठी ठेवा आणि काम झालं की बंद करा.

कम्प्युटरला डीसीवरून डीसी द्या. यूएसबी-सी पॉवर डिलिव्हरीने हे आता फार सोपं केलं आहे. चार्जर आणि लॅपटॉप आपसात बोलून ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट ठरवतात आणि १०० वॅटपर्यंत वीज जाते. २०२१च्या सुधारणेत ही मर्यादा २४० वॅटपर्यंत गेली, पण बोटीवर तेवढ्याची गरज नाही. १२ आणि २४ व्होल्ट दोन्हीवर चालणारा, ६५ किंवा १०० वॅटचा, पॅनेलमध्ये पक्का बसणारा चार्जर घ्या. ६० वॅटच्या वर न्यायचं असेल तर केबलही ५ अँपिअरची, आत चिप असलेली लागते. साध्या केबलवर चार्जिंग होतं पण हळू होतं, आणि दोष मात्र चार्जरला दिला जातो.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवर कायमची भिस्त ठेवू नका. त्यातला स्प्रिंगचा संपर्क हादऱ्याने सैल होतो, सैल झाला की तापतो, आणि मिठाने तो काळा पडतो.

आता वायर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ‘कम्प्युटर नीट चालत नाही’ अशी बोटीवरची तक्रार बहुधा वायरपाशीच येऊन थांबते. लॅपटॉपला ६५ वॅट द्यायचे तर १२ व्होल्टवर साधारण ६ अँपिअर लागतात. बॅटरी ५ मीटरवर असेल तर करंट जाऊन-येऊन १० मीटर फिरतो. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये त्यातच जवळपास ०.७ व्होल्ट गळतात, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर पाव व्होल्टच्या आसपास जातो. बोटीच्या वायरिंगसाठी अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात महत्त्वाच्या उपकरणांना ३ टक्क्यांची मर्यादा आहे, तीच आपण पाळू. वर आणखी एक गोष्ट: कन्व्हर्टरला (डीसीवरचा चार्जरही त्यातलाच) ठरलेले वॅट हवे असतात. व्होल्टेज कमी मिळालं की तो करंट जास्त ओढतो, करंट वाढला की वायरमध्ये आणखी व्होल्टेज गळतं. असं करत करत तो कट होतो, क्षणात परत सुरू होतो आणि पुन्हा कट होतो.

माझ्या बोटीवर नेमकं हेच होत होतं. लॅपटॉपवर चार्जिंगची खूण दर काही सेकंदांनी जायची आणि यायची. मी चार्जर बदलला, केबल बदलली, फरक शून्य. शेवटी मल्टिमीटर घेऊन बसलो. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.४ व्होल्ट, चार्जरच्या तोंडाशी ११.३. मग एक प्रोब बॅटरीवर ठेवून दुसरा जोडाजोडाने पुढे सरकवत गेलो. स्विच-पॅनेलच्या मागे निगेटिव्हच्या एका लगपाशी (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्यापाशी) आकडा उडी मारत होता. लग वरून ठीक दिसत होता, पण प्लास्टिकचं टोपण मागे सारलं तर आत तांबं हिरवं पडून भुगा झालेलं. तेवढा तुकडा कापला, चकाकणारं तांबं लागेपर्यंत सोललं, नवा लग क्रिम्प केला, म्हणजे दाबून घट्ट बसवला. चार्जरच्या तोंडाशी १२.२ आले आणि खूण स्थिर झाली. मोजताना लॅपटॉप चालू आणि चार्जिंगवर हवा, हे लक्षात ठेवा. करंट वाहत नसेल तर हा दोष मीटरला दिसत नाही.

म्हणून वायर कलई केलेल्या तांब्याची घ्या, जोड क्रिम्प करा आणि वर आतून गोंद सुटणारी हीट-श्रिंक नळी चढवा. फ्यूज बॅटरीच्या जितक्या जवळ बसवता येईल तितका जवळ बसवा, वरच्याच मानकात साधारणपणे ७ इंचांच्या आत सांगितला आहे. फ्यूज कम्प्युटरला वाचवत नाही, तो वायरला आग लागण्यापासून वाचवतो, त्यामुळे त्याचा आकडा वायरला सोसेल त्याहून मोठा नको. दिशादर्शनाच्या मशीनला स्वतःचा वेगळा फ्यूज आणि वेगळा स्विच द्या.

पायरी ५: रेडिओ आणि होकायंत्र तपासा

ही पायरी बरेच जण गाळतात. माझी कळकळीची विनंती आहे, गाळू नका. स्वस्त कन्व्हर्टर आतून सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात आणि त्या उलाढालीतून रेडिओ लहरी बाहेर पडतात. एआयएस १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे व्हीएचएफच्याच पट्ट्यात. एका संध्याकाळी नांगर टाकून बसलो असताना मी नवा चार्जर लावला आणि पडद्यावरची जहाजांची त्रिकोणी चिन्हं एकेक करून पुसट होत गेली. पाच-दहा मिनिटांत जवळची तीन उरली. समोर नजरेला मात्र दूरवर मोठी जहाजं स्पष्ट दिसत होती. चार्जर काढला, तशी सगळी परत आली. रात्री चालत्या बोटीवर हे झालं असतं तर पडद्याने मला समुद्र मोकळा आहे असंच सांगितलं असतं.

तपासायची रीत अशी: व्हीएचएफ एखाद्या शांत चॅनेलवर लावा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) खरखर थांबेल एवढाच ठेवा, आणि कम्प्युटर, चार्जर, मॉनिटर, एलईडी दिवे एकेक करून चालू करा. ज्याने खरखर पुन्हा सुरू होते तो गुन्हेगार. वायरवर फेराइटच्या (रेडिओ लहरी शोषणाऱ्या) क्लिपा लावून, वायर अँटेनाच्या केबलपासून दूर नेऊन काही वेळा भागतं. नाही भागलं तर तो चार्जर बोटीवरून उतरवा.

लॅपटॉपच्या स्पीकरमध्ये आणि टॅब्लेटच्या कव्हरमध्ये चुंबक असतात. मशीन होकायंत्राजवळ हळूहळू नेऊन सुई कुठे हलायला लागते ते बघा आणि त्या अंतराच्या बरंच बाहेर त्याची जागा ठरवा. ऑटोपायलटचं होकायंत्र बहुतेक वेळा एखाद्या कपाटात किंवा बाकाखाली दडवलेलं असतं. ते कुठे आहे हे शोधून ठेवा, नाहीतर लॅपटॉप नेमका तिथेच ठेवला जातो आणि बोट उगाच वळते.

पायरी ६: जागा

मशीन जिन्याच्या दाराखाली नको, कारण लाटेचं पाणी तिथूनच आत येतं. इंजिनच्या वर नको. बोटीच्या उघड्या कुशीला चिकटून नको, तिथे घाम धरतो. बोट ३० अंश कलली तरी जे जागचं हलणार नाही तेच पक्कं बसवलं असं म्हणा. नुसती न घसरणारी चटई पुरत नाही, पट्टा बांधा. सगळ्या केबली मशीनमध्ये शिरण्याआधी खाली झोका देऊन वर न्या, म्हणजे केबलीवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडेल.

पायरी ७: डेटा आणि चार्ट

बोटीवरची उपकरणं आपसात एनएमईए या ठरलेल्या भाषेत बोलतात. जुनी उपकरणं एनएमईए ०१८३ बोलतात, साधारण ४८०० बॉडच्या वेगाने, आणि एआयएस ३८४००ने. पडद्यावर काहीच येत नसेल तर आधी हा वेग जुळतो का बघा. नवीन उपकरणं एनएमईए २००० वर असतात. त्यासाठी यूएसबी किंवा वायफाय गेटवे, म्हणजे ती माहिती कम्प्युटरपर्यंत पोहोचवणारी पेटी, लागतो. गेटवे विद्युतदृष्ट्या विलग केलेला घ्या, म्हणजे एका बाजूचा बिघाड दुसरीकडे जाणार नाही. चार्टसाठी ओपनसीपीएन आणि डेटा वाटायला सिग्नल के ही दोन्ही मोफत आहेत आणि नवशिक्यानेही सुरुवात त्यांच्यापासूनच करावी असं माझं मत आहे.

निघण्याआधी किनाऱ्यावरच वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करा, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि तुमच्या मार्गावरचे सगळे चार्ट मोठे करून उघडून बघा. काही विकतचे चार्ट परवाना तपासायला इंटरनेट मागतात. हे बंदरात कळलेलं बरं. जाता जाता: उपग्रह-इंटरनेटची थाळी बसवणार असाल तर तिचा खर्च वेगळा मांडा, ती बहुधा लॅपटॉपपेक्षा जास्त खाते.

पायरी ८: कम्प्युटर बंद पडला तर

पडणारच असं धरून तयारी करा. दुसऱ्या, वेगळ्या बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणात तेच चार्ट हवेत. पेन्सिल सेलवर चालणारा हातातला जीपीएस ठेवा आणि दर तासाला आपली जागा वहीत लिहा. कागदी चार्ट आता सहज मिळतीलच असं नाही. अमेरिकेचे समुद्री चार्ट काढणाऱ्या नोआ या सरकारी संस्थेने आपले पारंपरिक कागदी चार्ट टप्प्याटप्प्याने बंद केले, हवा तो भाग स्वतः छापून घ्यायची सोय मात्र ठेवली. निदान तुमच्या मार्गावरच्या बंदरांच्या तोंडांचे तरी छापून घ्या. विजा कडाडायला लागल्या की बरेच खलाशी टॅब्लेट आणि जीपीएस बोटीच्या ओव्हनमध्ये ठेवतात, कारण धातूची पेटी आतल्या उपकरणांना काहीसं संरक्षण देते. खात्री नाही, पण करण्यासारखं आहे. ओव्हनच्या बटणावर चिठ्ठी मात्र चिकटवा.

पायरी ९: नांगरावर एक दिवस

सगळं बसलं की लांबच्या प्रवासाला लगेच निघू नका. नांगर टाका, किनाऱ्याची वीज काढा, इंजिन बंद ठेवा आणि चोवीस तास समुद्रात असल्यासारखे राहा. संध्याकाळी बॅटरी मॉनिटरचा आकडा वहीत लिहा. रात्री सर्व्हर चालू ठेवा, दिवे लावा, पहाटे तासभर लॅपटॉपवर चार्ट उघडा. सकाळी पॅनेलवर ऊन पडायच्या आधी पुन्हा आकडा लिहा आणि दोन्हींतला फरक पायरी २ च्या रीतीने मांडलेल्या त्या रात्रीच्या हिशेबाशी ताडून बघा. फरक जास्त आला तर स्विच-पॅनेलसमोर बसा, एकेक स्विच बंद करा आणि प्रत्येक वेळी मॉनिटरवरचा करंट किती उतरतो ते त्या स्विचच्या नावापुढे लिहीत जा.